वणीतील खात्रीलायक सूत्र

१२ जानेवारी

आज पुन्हा नोकरीला लागलो. माझं वय एकोणपन्नास, वार्ताहरकीची बावीस वर्षं पाठीशी, आणि साहेब म्हणून एकतीस वर्षांची पोरगी.

पेपरानं दिवाळीत तालुक्याचं पान बंद केलं आणि आम्हाला फोनवरून कळवलं. तेव्हापासून घरीच होतो. बायको, नलू, काही बोलत नव्हती, पण मी चहा मागितला की पातेलं जरा जोरात आपटायची. परवा बाजारात धम्मरत्नभाऊ नगराळे भेटले. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. संपाच्या दिवसांत त्यांनी मला कितीतरी बातम्या दिल्या होत्या. म्हणाले, "दीपाले मराठी लिहिणारा माणूस पाह्यजे. भेटून घे."

दीपा म्हणजे त्यांची मुलगी. पुण्यात संगणकाचं शिकली, तिथंच एका वृत्तसंस्थेत सहा वर्षं होती. आता चंद्रपूर रोडवर टायरच्या दुकानाच्या माडीवरून 'साखळीवार्ता' नावाचं संकेतस्थळ चालवते. बिटकॉइन आणि तसल्या नाण्यांच्या बातम्या, मराठीतून. मी हसून विचारलं, वणीत हे कोण वाचते?

"काका, घेऊन कोण राह्यलं ते पाहा आधी," ती म्हणाली. "ट्रकवाले, मास्तर, नर्सा. झरी-जामणीत, मारेगावात, सगळीकडे. इंग्रजी व्हिडिओ पाहून घेतात आणि त्यातलं अर्धं समजते."

ऑफिस दोन खोल्यांचं. खालून कोळशाचा ट्रक गेला की खिडकीची काच थरथरते. माणसं तीन: दीपा, यवतमाळची अर्पिता, जी दिवसभर पडद्यावरचे आकडे वाचत असते, आणि मी.

पहिल्या दिवशी दीपानं मला संगणक दिला नाही, वही दिली. प्रत्येक बातमीपुढं तीन रकाने. हे कोणी सांगितलं. त्याला कसं माहीत. त्याला त्यात काय मिळते.

"बावीस वर्षं बातम्या देऊन राह्यलो मी," म्हटलं. "अन् तू मले वही भराले लावते?"

"मी पण भरते," ती म्हणाली आणि आपली वही उघडून दाखवली. खरंच भरलेली होती. मी वही ओढून घेतली. पण लागलंच.

१३ जानेवारी

आज एक कागद भरून दिला. माझ्याकडं कोणती नाणी आहेत ते लिहायचं. एकही नाही. "काकूंच्या नावानं?" दीपानं विचारलं. नलूच्या नावानं रेशन कार्डाशिवाय काही नाही. पुढं कधी नाणं घेतलं तर आधी सांगायचं, आणि त्या नाण्याविषयी मग लिहायचं नाही, असा इथला नियम.

घरी येताना नांदेपेरा रोडवरच्या आमच्या प्लॉटवरून आलो. या रस्त्याचं रुंदीकरण व्हावं म्हणून मी पेपरात तीनदा लिहिलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं की बाबा, तुझा तिथं प्लॉट आहे काय. मीही मला विचारलं नव्हतं.

१६ जानेवारी

कोण्या एका देशाची मोठी बँक नाणी विकत घेणार, अशी बातमी सकाळी पाच परदेशी संकेतस्थळांवर होती. मी अकरा वाजेपर्यंत झकास मराठीत उतरवून दिली. दीपा म्हणाली, "पाचांनी कुठून घेतली?"

हे शोधण्यात दुपार गेली. पाचव्यानं चौथ्याची वाक्यं जशीच्या तशी उचललेली, शुद्धलेखनाच्या चुकीसकट. चौथ्यानं तिसऱ्याचं नाव दिलेलं, तिसऱ्यानं पहिल्याचं, दुसऱ्यानंही पहिल्याचंच. आणि पहिल्यानं समाजमाध्यमावरच्या बँकेच्या खात्याकडं बोट दाखवलं होतं. ते खातं मी भिंग लावल्यासारखं पाहिलं. बँकेच्या इंग्रजी नावातल्या 'एल' या अक्षराच्या जागी एकाचा आकडा होता. दिसायला तसाच.

"दीपा," मी आतून ओरडलो, "पाच नाहीत. एकच आहे. अन् तो एकही खोटाच!"

तिनं खालच्या टपरीवरून तिघांसाठी तर्री-पोहे मागवले. लिहायला लाज वाटते, पण अशी मजा मला पेपरात कित्येक वर्षांत आली नव्हती. आणि ती बातमी तर आम्ही छापलीसुद्धा नाही!

२० जानेवारी

एका नाण्याच्या कंपनीची मेल. आमचा लेख बातमी म्हणून लावा, काय घ्याल ते सांगा. दीपानं दोन ओळींत नकार कळवला. मी म्हटलं, वर 'जाहिरात' लिहून लाव ना.

"लावली असती काका. पण ते 'जाहिरात' लिहू देत नाहीत. त्यांना तेवढंच नको असते."

अर्पितानं ती मेल एका फाइलीत ठेवली. अशी मेल करणाऱ्या प्रत्येकाची नोंद तिथं आहे. त्यांची पुढली बातमी दुप्पट तपासायची.

२३ जानेवारी

आज मला स्वतःचं सूत्र मिळालं!

दुपारी फोन आला. नाव शाम राठोड, गाव फुलसावंगी, महागाव तालुका. पुण्याच्या एका मोठ्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे जिथं लोक ही नाणी घेतात-विकतात आणि ठेवतात तिथं, आतल्या कामावर आहे. (एक्स्चेंजचं नाव इथं लिहीत नाही. दीपाची सवय लागली.) आवाज तरतरीत. बोलणं थोडं हिंदीमिश्रित, पुण्यात राहून झालं असेल. म्हणाला, "सर, तुम्ही आमच्या भागातल्या शाळेच्या छपरावर बातमी केली होती, मी विसरलेलो नाही. तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." पेपरच्या संकेतस्थळावर माझ्या नावाची तीच एक बातमी अजून दिसते, आणि त्याला नेमकी तीच आठवावी! मला भरून आलं. गावच्या आठवणी काढल्या, लहानपणी वर्धा नदीत कसे पोहायचो वगैरे. मामाचं गाव नदीकाठी असेल.

मग खबर दिली. उद्या दुपारी दोन ते पाच एक्स्चेंजचं काम दुरुस्तीसाठी बंद राहणार.

दीपानं एक्स्चेंजची स्वतःची सूचना येईपर्यंत बातमी लावली नाही. पण खबर खरी निघाली की नाही? निघाली.

२८ जानेवारी

शामची दुसरी खबरही खरी. एक नाणं एक्स्चेंजच्या यादीतून निघणार होतं, निघालं. मी दीपाच्या टेबलावर वही ठेवली. कोणी सांगितलं: शाम राठोड. कसं माहीत: आतला माणूस. काय मिळते: काही नाही, गावाचं प्रेम.

दीपानं शेवटचा रकाना दोनदा वाचला. "काका, हे माहीत असाले त्याले आतच बसलेलं असणं जरूरी होतं काय?"

अर्पितानं एक्स्चेंजचं एक इंग्रजी पान उघडून दाखवलं. दोन्ही गोष्टी तिथं आधीच लिहिलेल्या होत्या, शामच्या फोनच्या तासभर आधी. मी म्हटलं, मग काय झालं? खऱ्याला खरं म्हणणारा माणूस वाईट काय? दीपा म्हणाली, "वाईट म्हणत नाही मी. फक्त अजून ओळख झाली नाही म्हणते."

या पोरीला कोणावरच विश्वास ठेवता येत नाही. पुण्यात काही वाईट अनुभव आला असावा.

३ फेब्रुवारी

घाईत लिहितो आहे, म्हणून अक्षर असं.

शामनं दुपारी एक कागद पाठवला. एक्स्चेंजचं आतलं पत्र, फोटो काढलेलं. ग्राहकांची नाणी दुसरीकडं हलवली आहेत आणि शुक्रवारपासून कोणालाही काढता येणार नाहीत, असा मजकूर. ज्यांना पत्र पाठवलं त्यांच्यात शामचंही नाव. सोबत पुरावा म्हणून साखळीवरच्या एका व्यवहाराचा दुवा. अर्पितानं मला समजावलं होतं की साखळी म्हणजे सातबारा गावच्या भिंतीवर रंगवल्यासारखा. वाचता सगळ्यांना येतो, पण त्यावर नाव नसते, नुसता गट नंबर. तर एका गट नंबरावरून दुसऱ्यावर खरंच प्रचंड माल गेलेला दिसत होता.

या तालुक्यांतल्या शेकडो लोकांचं त्या एक्स्चेंजमध्ये खातं आहे. मी दीपाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता लाव.

ती पंधरा मिनिटं वाचत होती. मग म्हणाली, "खरं असलं तर उशीर केल्याचं पाप माह्यावर. खोटं असलं अन् लावलं, तर लोक घाबरून जे येईल त्या भावात विकतील. ते स्वस्तात कोण घेईन? काका, मले दोन दिवस पाह्यजे."

"दोन दिवस गेले की शुक्रवारच येते!"

"म्हणूनच आज घरी जायचं नाही लवकर," ती म्हणाली आणि ओढणी खोचून बसली.

४ फेब्रुवारी

एक गोष्ट केली. चूक केली असं वाटत नाही, पण लिहून ठेवतो.

मुकुटबनचा राजदीप. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. पेपरात होतो तेव्हा तिकडच्या सगळ्या बातम्या मला तोच द्यायचा, एक रुपया न घेता, माझ्यावरच्या जिव्हाळ्यानं. त्याचं खातं त्याच एक्स्चेंजमध्ये आहे. त्याला बुडू कसं द्यायचं? दुपारी जिन्यात उभं राहून फोन केला. म्हटलं, "छापलं नाही अजून, पण आतली खबर आहे. तुहं काढून घे. कोणाले सांगू नको."

"भाऊ, तुम्ही सांगतलं म्हणजे विचाराचं कामच नाही," तो म्हणाला.

दीपाला सांगितलं नाही. तिचं काम बातमीचं, माझं माणसाचं.

५ फेब्रुवारी

सकाळी शामचा मेसेज. "सर, आता तरी छापा. मुकुटबनपर्यंत कळलं आहे." खाली एका मेसेजचा फोटो होता: "वणीच्या ज्येष्ठ पत्रकारांची खात्रीलायक माहिती. एक्स्चेंज बुडतंय. आजच सगळं काढा. सगळ्यांना पाठवा."

मी ते तीनदा वाचलं. आधी वाटलं, दुसरा पुरावा मिळाला. दीपाला दाखवायला उठलोही. दारापर्यंत गेलो आणि पाय थांबले. वणीचा ज्येष्ठ पत्रकार म्हणजे मीच की!

अकरा वाजता एका हिंदी संकेतस्थळानं बातमी लावली. 'वणीतील सूत्रांनुसार.' बारापर्यंत आणखी तिघांनी. दुपारी एक्स्चेंजच्या स्वतःच्या नाण्याचा भाव जिन्यावरून बादली पडावी तसा घसरत होता.

दीपा पडद्याकडं बघत म्हणाली, "वणीतले सूत्र. वणीत या विषयावर काम करणारे आपण तिघंच आहो." आमच्या कोणाकडं तिनं मान वळवली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "कोणाच्या तोंडून काही गेलं असंन तर ते आपल्यालेच लिहा लागते शेवटी. असो. कामाले लागू."

तिला माझा संशय आला नाही, हे नशीब. मी पाणी प्यायला बाहेर गेलो आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो.

६ फेब्रुवारी

शुक्रवार. एक्स्चेंज बंद झालं नाही. पण लोक थांबायला तयार नाहीत. एक्स्चेंजनं 'हे सर्व निराधार आहे' असं एका ओळीत कळवलं. मला वाटलं, आता आपण लिहायला मोकळे. दीपा म्हणाली, नाही म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे.

आज तिचं काम डोळ्यांनी पाहिलं. माल जिथून निघाला तो गट नंबर एक्स्चेंजचाच, हे अर्पितानं त्यांच्या जाहीर यादीतून दाखवलं. जिथं पोचला तो यादीत नाही. "हा त्यांच्याच नव्या तिजोरीचा आहे की चोराचा, मले सांगता येत नाही," अर्पिता म्हणाली. येत नाही हे तिनं किती साधेपणानं म्हटलं! मी बावीस वर्षांत हे वाक्य छापील सोडा, तोंडीही कोणाला म्हटलं नसेल.

दीपानं एक्स्चेंजला लिहिलं. तो नवा पत्ता, म्हणजे तो गट नंबर, तुमचा असेल तर सोमवारी दुपारी चार वाजता त्यावरून एक अगदी बारकी रक्कम पाठवा, आम्ही सांगू त्याच आकड्यांची. आकडे सोमवारी पावणेचारला कळवू. ज्याच्याजवळ त्या पत्त्याची किल्ली, म्हणजे गुप्त आकडा, आहे त्यालाच हे करता येते, दुसऱ्याला नाही.

मग माझ्याकडं वळली. "काका, कागदावर शाम राठोडचं नाव आहे. तो खरा असंन तर त्याची नोकरी जाईन, खोटा असंन तर कोणाचं तरी नाव वापरलं गेलं. फोनवरून हे कळणार नाही. फुलसावंगीले त्याच्या घरी जाल?"

"मीच?"

"तुम्हीच. अन् आधी आपण कोण, काय लिहिणार ते सांगाचं, मंग विचाराचं."

८ फेब्रुवारी, रविवार

काल पहाटेच्या एस.टी.नं यवतमाळ, तिथून आर्णीमार्गे महागाव, पुढं जीपनं फुलसावंगी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस फुलायला लागला आहे. पोचायला दुपारचा एक वाजला.

किराणा दुकानात फुलसिंग राठोडचं घर विचारलं. शामनं वडलांचं हेच नाव सांगितलं होतं, आणि तसा माणूस तांड्यात खरोखरच निघाला. माझी छाती फुगली. दीपाला फोन करून सांगावंसं वाटलं की बघ, खरा आहे.

फुलसिंग ओसरीवर दोरी वळत होते. पासष्टीचे, काटक. त्यांची बायको धनीबाई सुपात हरभरा निवडत होती. मी दीपानं सांगितल्याप्रमाणे आधी आपलं नाव, काम, सगळं सांगितलं. पेपर म्हटल्याबरोबर फुलसिंग उभे राहिले.

"काय केलं माह्या पोरानं?"

"काही नाही केलं. त्याच्याशी बोलाचं आहे फक्त. तो मले फोन करते."

"तुमाले?" धनीबाईनं सूप खाली ठेवलं. "तो मले आठ दिवसांतून एकदा करते, अन् तुमाले कायले करीन?"

तिनं लुगड्याच्या घडीतून मोबाइल काढला आणि शेजारच्या सुनेकडून व्हिडिओ कॉल लावून घेतला. पडद्यावर गोल चेहऱ्याचा, मिशीवाला तरुण आला. मागं औषधांची खोकी रचलेली. "याडी," त्यानं आईला हाक मारली आणि पुढं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी बोलला. मग धनीबाईनं फोन माझ्या हातात दिला.

आवाज ऐकला आणि मला कळलं. जड, सावकाश, आमच्याकडचा आवाज. माझ्या शामचा नव्हे. मी नाव सांगितलं आणि एक्स्चेंजमधल्या नोकरीचं विचारलं.

"मी तं जूनमध्येच सोडली ती नोकरी," तो म्हणाला. "ग्राहकांचे फोन घ्याचो तठी. आता औषधाच्या गोदामात आहो. तुमचं नाव मी आजच ऐकून राह्यलो."

"मंग तुझं नाव, गाव, वडलांचं नाव कोणाले माहीत?"

"नोकरीच्या साइटवर माहा बायोडाटा आहे ना. सगळं लिहिलं आहे त्यात."

मी एक शेवटचा, वेड्यासारखा प्रश्न विचारला. "लहानपणी वर्धा नदीत पोहत होता काय?"

तो हसला. "वर्धा? वर्धा तुमच्या वणीकडे, सर. इथून दीडशे किलोमीटर. मले पोहताच येत नाही."

आणि मी जिल्ह्याचा वार्ताहर. बावीस वर्षं या जिल्ह्याच्या नद्यांचे पूर लिहिले.

त्याला कागदाचा फोटो दाखवला. त्यानं बघून सांगितलं की आमच्याकडं असं पत्र कागदावर कधी निघालंच नाही, सगळं संगणकावर असायचं. आणि ज्या अधिकाऱ्याची सही आहे त्या साहेबांच्या निरोपाचा केक त्यानं स्वतः आणला होता, गेल्या एप्रिलात. केकच्या वेळचा फोटोही पाठवला. हे मी सगळं वहीत घेतलं, आणि त्याचं नाव छापू का असं विचारलं. तो थांबला. म्हणाला, "बापूले विचारा."

फुलसिंग इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, "तुमी न विचारता छापलं असतं, तं पोलीस कोणाच्या दारात आले असते?"

"तुमच्याच."

"अन् तुमी इचाराले आले. इतक्या दुरून." ते परत दोरीपाशी बसले. "छापा नाव. चोरलं कोणं तेही छापा."

"ते माहीत नाही," मी म्हटलं. हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला अर्पिता आठवली.

धनीबाईनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिल्याशिवाय सोडलं नाही. येताना दीपाला फोन केला. सगळं सांगितलं. मुकुटबनचं तेवढं सांगितलं नाही. ती म्हणाली, "काका, तुम्ही गेले म्हणून हे कळलं. जेवले ना?"

९ फेब्रुवारी

पावणेचारला दीपानं एक्स्चेंजला आकडे पाठवले. ४४५३०४, आमच्या वणीचा पिन कोड. अर्पितानं त्या पत्त्याचं पान उघडून ठेवलं. आम्ही दोघं तिच्या खुर्चीमागं. खालून ट्रक गेला, काच थरथरली. चार वाजले. चार वाजून दोन मिनिटं. काही नाही. दीपानं हाताची घडी घातली होती, आणि बोटं पांढरी झाली होती. ही पोरगीही घाबरते, हे मला आज दिसलं.

चार वाजून सहा मिनिटांनी पडद्यावर एक ओळ आली. शून्य, दशांश, दोन शून्यं आणि पुढं ४४५३०४.

अर्पितानं टाळी वाजवली. दीपा खुर्चीत बसली, एक मोठा श्वास सोडला आणि लगेच म्हणाली, "यानं फक्त पत्ता त्यांचा आहे हे ठरलं. एक्स्चेंज चांगलं आहे हे नाही ठरलं. तसं वाक्य कुठंही येऊ देऊ नका."

लेख तिनंच लिहिला होता. काय तपासलं, कसं तपासलं, कोणाला विचारलं, सगळं उघड. 'शाम राठोड या नावानं बोलणारी व्यक्ती कोण, हे आम्हाला समजलेलं नाही,' हेही. आणि 'वणीतील सूत्र' या शब्दांपाशी लेख थांबला होता. त्याखाली चारेक ओळींची जागा कोरी होती. अर्पिताचं मोजमाप चुकलं असावं.

मला बसवेना. दार लोटलं आणि सांगून टाकलं. जिना, फोन, राजदीप, सगळं. म्हटलं, "उद्यापासून येत नाही मी."

दीपानं लेख पुन्हा उघडला. मग संगणक माझ्याकडं वळवला. "तुम्हीच लिहा. तुमच्या शब्दांत."

"अन् नोकरी?"

"आधी लिहा तं."

मी लिहिलं. 'ही अफवा पसरण्यात या संकेतस्थळाच्या एका कर्मचाऱ्याचा हात होता. त्यानं न तपासलेली माहिती चार फेब्रुवारीला एका मित्राला दिली. वणीतील सूत्र म्हणून फिरलेलं सूत्र तेच. त्याबद्दल वाचकांची क्षमा मागतो. श्रावण पिंपळशेंडे.' बरोबर त्या कोऱ्या जागेत बसलं, एक शब्द इकडं-तिकडं नाही. दीपानं फक्त 'हात होता' खोडून ते वाक्य 'एक कर्मचारी कारण ठरला' असं फिरवलं. संध्याकाळी सहाला लेख लागला.

तिला आधी माहीत नव्हतं म्हणून बरं झालं. माहीत असतं तर मला फुलसावंगीला पाठवलंच नसतं.

१० फेब्रुवारी

नलूनं मोबाइलवर सगळं वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुमचं नाव कितीदा छापून आलं," म्हणाली, "पण हे मी पूर्ण वाचलं." आणि चहा ठेवायला गेली. न मागता.

हिंदी संकेतस्थळानं त्यांची बातमी गुपचूप काढून टाकली. बाकीच्यांची अजून तशीच. शामचा नंबर बंद आहे. एक्स्चेंजच्या नाण्याचा भाव बराचसा वर आला, पण घाबरून विकलं त्यांचं गेलं ते गेलंच. मुकुटबनात असे बावीस जण. राजदीप माझा फोन उचलत नाही.

१६ फेब्रुवारी

नोकरीचं दीपानं पुन्हा काढलं नाही, मी रोज येतो. आज दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि दारात राजदीप. मी उठलो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, सरळ दीपासमोर जाऊन बसला.

"मॅडम, मी राजदीप. मुकुटबनचा. भाऊनं त्याची चूक लिहिली, बरं केलं. पण भाऊनं मले सांगतलं होतं, कोणाले सांगू नको. 'ज्येष्ठ पत्रकार', 'खात्रीलायक', 'सगळ्यांना पाठवा', हे माहे शब्द आहेत. मी टाकले ग्रुपवर. ते बी लिहा. माह्या नावानं."

"अरे, कायले नाव देतो?" माझ्याच्यानं राहवलं नाही. "गावात दुकान आहे तुहं."

"दुकान आहे म्हणूनच," तो म्हणाला. तेव्हा पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं पाहिलं. डोळे लाल होते. "रागात आहो मी तुमच्यावर, भाऊ. अजून आहो. पण लोक मले विचाराले येतात. तुमच्याकडे नाही येत."

मला वाटलं दीपा आता त्याला चार चांगले शब्द बोलेल. तिनं वही ओढली.

"मेसेज किती वाजता टाकला?"

"पाच वाजले असतीन सायंकाळचे."

"मोबाइल दाखवता?"

त्याच्या चेहऱ्यावर माझाच पहिल्या दिवशीचा चेहरा दिसला मला. मग त्यानं खिशात हात घातला आणि मोबाइल टेबलावर ठेवला. दीपानं बोटानं मागं मागं सरकवत तो मेसेज काढला, आम्हा दोघांना दाखवला, आणि वहीत लिहिलं, चार वाजून सव्वीस मिनिटं.